आधी हाड शोधा, मग सिरिंज उचला: लसीच्या इंजेक्शनची जागा कशी ठरवायची

खांद्याच्या किती खाली टोचायचं, हे विचारलं तर एएनएमच्या (गावोगावी लसीकरण करणाऱ्या सिस्टरच्या) कोर्सची पहिल्या वर्षाची विद्यार्थिनीही झोपेतून उठून बरोबर सांगते. तीच विद्यार्थिनी लसीकरण सत्राच्या दिवशी, अंगणवाडीत बाया लेकरं घेऊन रांगेत बसलेल्या असताना, कुणाचा स्वेटर निघत नाही, कुणाची बाही वर सरकत नाही, अशा घाईत दोन बोटं वर नाहीतर तीन बोटं खाली टोचून मोकळी होते. मी नागपुरात नर्सिंगच्या मुलींना हे काम शिकवते. शरीररचना पाठ नाही म्हणून जागा चुकली, असं फार क्वचित दिसतं. कपडे नीट काढलेले नसतात, हात-पाय वळलेला असतो आणि हाडाला बोट लावलेलंच नसतं, म्हणून ती चुकते.

त्यामुळे इथे सगळा भर क्रमावर आहे. नवीन एएनएम, खासगी दवाखान्यातल्या सिस्टर आणि नर्सिंगचे विद्यार्थी यांच्यासाठी हे लिहिलं आहे. आई-वडिलांनी वाचलं तर आपल्या लेकराला लस कुठे दिली जाते आहे, हे त्यांना कळेल. वाचून घरी कुणी सुई हातात घेऊ नये. हे काम प्रशिक्षण घेतलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच शिकायचं असतं.

## १. लस कोणत्या थरात जायची, ते आधी ठरवा

वरून खाली त्वचा, चरबी, स्नायू आणि हाड असे थर असतात. जागा शोधण्याआधी यातला आपला थर कोणता, हे डोक्यात पक्कं हवं.

स्नायूत जाणाऱ्या लसी म्हणजे पेंटाव्हॅलंट (पेंटा, एकात पाच लसी), पीसीव्ही (न्यूमोनियाची), हेपॅटायटिस बी (काविळीची), डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि टीडी (धनुर्वात, घटसर्प). यांत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. त्या चरबीत राहिल्या तर तिथे गाठ होते, आग होते, आणि लस हवी तशी लागूही पडत नाही. स्नायूत रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे हा त्रास कमी होतो. गोवर-रुबेलाची लस त्वचेखाली, म्हणजे चरबीच्या थरात जाते. बीसीजी (क्षयाची) आणि पोलिओची फ्रॅक्शनल आयपीव्ही (कमी मात्रेतली, इंजेक्शनची लस) त्वचेच्या थरातच द्यायची असते, त्याखाली नाही.

राष्ट्रीय वेळापत्रकात कोणती लस कोणत्या बाजूला, हेही ठरलेलं आहे:

- जन्मतः: बीसीजी डाव्या दंडावर, हेपॅटायटिस बी मांडीत. हेपॅटायटिस बीचा हा डोस २४ तासांच्या आत द्यायचा.
- ६ आणि १४ आठवडे: पेंटा डाव्या मांडीत, पीसीव्ही उजव्या मांडीत, फ्रॅक्शनल आयपीव्ही उजव्या दंडावर.
- १० आठवडे: इंजेक्शन एकच, पेंटा, डाव्या मांडीत.
- ९ महिने: गोवर-रुबेला उजव्या दंडावर, फ्रॅक्शनल आयपीव्हीचा तिसरा डोस डाव्या दंडावर, पीसीव्हीचा बूस्टर उजव्या मांडीत.
- १६ ते २४ महिने: गोवर-रुबेलाचा दुसरा डोस उजव्या दंडावर, डीपीटी बूस्टर मांडीत.
- ५ ते ६ वर्षे: डीपीटीचा दुसरा बूस्टर दंडावर.
- १० वर्षे, १६ वर्षे आणि गरोदरपणात: टीडी दंडावर.

बाजू पाळण्याचा कंटाळा करू नका. बाळंतपण नागपुरात डागा रुग्णालयात होतं, सहा आठवड्यांची लस माहेरी काटोलला आणि दहा आठवड्यांची सासरी पारडीला. डावी मांडी सुजली तर ती पेंटाची की पीसीव्हीची, हे तिसऱ्या ठिकाणच्या एएनएमला बाजूवरूनच कळतं. दवाखान्यात जन्मानंतर व्हिटॅमिन के आणि हेपॅटायटिस बी दोन्ही द्यायचे असतील, तर दोन वेगळ्या मांड्या वापरा.

तपासा: मूल वर्षाच्या आतलं असेल आणि लस स्नायूत जायची असेल, तर जागा मांडीच. एक ते दोन वर्षांतही मांडीलाच पहिली पसंती. तिसऱ्या वर्षापासून दंडाचा स्नायू पुरेसा भरलेला असतो.

## २. टेबल लावताना

टेबल सावलीत हवं. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात असतो आणि ओसरीवरचं ऊन तासाभरात सरकून टेबलावर येतं, हे मांडताना कुणाच्या लक्षात येत नाही. व्हॅक्सिन कॅरियरमधून (लसीच्या थंड डब्यातून) एका वेळी एकच व्हायल (लसीची बाटली) बाहेर काढा. आइसपॅक फ्रीझरमधून काढून थेट कॅरियरमध्ये टाकू नका. हलवल्यावर आत पाणी खळखळल्याचा आवाज आला की मगच ठेवा. पेंटा, पीसीव्ही, हेपॅटायटिस बी, डीपीटी, टीडी आणि आयपीव्ही गोठल्या की वाया गेल्या. नागपूरच्या उन्हाची धास्ती घेऊन कॅरियर बर्फानं गच्च भरणारे उन्हापेक्षा जास्त लसी खराब करतात.

व्हायलवरचा व्हीव्हीएम (लसीला उष्णता लागली का, ते दाखवणारी खूण) पाहा, आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असला पाहिजे. एक्स्पायरीची तारीख पाहा. उघडलेल्या व्हायलवर उघडल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली आहे का, तेही पाहा. बीसीजी आणि गोवर-रुबेला त्यांच्यासोबत आलेल्या द्रावणातच मिसळायच्या. मिसळल्यापासून चार तासांत किंवा सत्र संपताना, जे आधी येईल तेव्हा, उरलेली लस टाकून द्यायची.

खुर्च्या दोन मांडा, एक घेणाऱ्याला आणि एक तुम्हाला. दुसरी का, ते दंडाच्या टप्प्यावर येईलच. हब कटर (सुई कापायचं यंत्र) उजव्या हाताशी, ॲड्रेनालिनचं (जबर ॲलर्जीवरच्या औषधाचं) किट डोळ्यांसमोर, कोपऱ्यात चादर बांधून आडोसा. शेवटचं बहुतेक ठिकाणी राहून जातं आणि दंडावरच्या अर्ध्या चुका तिथूनच सुरू होतात.

सुईबद्दल थोडक्यात. सरकारी पुरवठ्यातल्या ०.५ मिलीच्या एडी सिरिंजची (एकदा वापरली की आपोआप निकामी होणाऱ्या सिरिंजची) सुई २५ मिमी असते, बाळाच्या मांडीसाठी ती बरोबर आहे. खासगीत नवजात बाळाला १६ मिमीची सुईही वापरतात. वजनदार प्रौढांना दंडावर ३८ मिमीची सुई लागू शकते. ती हाताशी नसेल आणि दंडावर चरबी जाड असेल, तर मोठ्या माणसालाही मांडीत द्यायला हरकत नाही; ती जागा कोणत्याही वयात चालते.

सावधान: सिरिंज अजून भरायची नाही. भरलेली सिरिंज एका हातात असली की जागा शोधायला दुसरा एकच हात उरतो, आणि मग शोधाशोध नजरेनंच उरकली जाते.

## ३. कपडे बाजूला करा, पूर्ण

थंडीत सकाळच्या सत्राला लेकरू दोन झबली, स्वेटर आणि वरून दुपट्यात गुंडाळून येतं. आई स्वेटरची बाही कोपरापासून वर रेटते. बाही दंडाच्या मध्यावर येऊन घट्ट अडकते, तिच्याखाली दंड आवळला जातो आणि दिसतो तो फक्त खालचा भाग. सुई तिथेच टोचली जाते. एक हात बाहीतून पूर्ण बाहेर काढायला वीस-तीस सेकंद लागतात, तेवढी द्या.

मांडीचंही तसंच. पायजमा खालून वर गुंडाळला की गुडघ्याच्या वरचा चार बोटं भाग उघडा पडतो आणि मधला तिसरा हिस्सा कापडातच राहतो. पायजमा वरून खाली उतरवा, लंगोट किंवा डायपर सैल करून खुबा दिसू द्या.

मोठ्यांच्या बाबतीत चूक दोन दिशांनी होते. ब्लाउजची घट्ट बाही खालून वर सरकवली की जागा खाली घसरते. शर्टाचा किंवा टी-शर्टचा गळा बाजूला ओढून खांदा उघडा केला की जागा वर जाते, अगदी सांध्यावर. शाळेत टीडी देताना ही दुसरी चूक हमखास दिसते. मुलांना वरची बटणं सोडून एक हात बाहेर काढायला सांगा. बायांना आडोशाला नेऊन ब्लाउजचा एक हात काढायला सांगा. "ताई, एक हात काढा, एका मिनिटात होते," एवढं नीट सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

तपासा: दंडासाठी खांद्याच्या टोकापासून कोपरापर्यंत, मांडीसाठी खुब्यापासून गुडघ्यापर्यंत उघडं दिसतं आहे का? मध्ये कुठेही कापड आडवं येत असेल तर पुढे जाऊ नका.

## ४. बाळाची मांडी

आपल्याला हवा तो व्हास्टस लॅटरॅलिस. मांडीच्या पुढच्या चार स्नायूंच्या गटातला हा बाहेरच्या अंगाचा मोठा स्नायू. जन्मतःही तो चांगला भरलेला असतो आणि त्याच्या मधल्या भागाजवळून मोठी नस (मज्जातंतू) किंवा रक्तवाहिनी जात नाही. फीमरल रक्तवाहिन्या आणि फीमरल नस मांडीच्या आतल्या अंगाला असतात, सायटिक नस मागच्या अंगाला. म्हणजे बाहेरच्या अंगाला राहिलात तर दोन्हीपासून लांब राहता.

अडचण बाळाच्या पायाची आहे. मांडीवर निजवलेलं बाळ पाय ढिले सोडतं तेव्हा खुब्यातून दोन्ही पाय बाहेर वळतात आणि गुडघे बाजूला पडतात, बेडकासारखे. अशा वेळी वर दिसणारा, सुईला सोयीचा वाटणारा मऊ भाग हा मांडीचा आतला भाग असतो. बाहेरचा भाग खाली, आईच्या साडीला टेकलेला असतो. मधोमध दिसलं म्हणून तिथे टोचाल तर व्हास्टस लॅटरॅलिस बाजूलाच राहील आणि सुई रक्तवाहिन्यांच्या दिशेनं जाईल.

म्हणून हा क्रम:

१. आईला टेकून बसू द्या. बाळ तिच्या मांडीवर, तिच्या अंगाशी धरलेलं. बाळाचा एक हात आईच्या पाठीमागे, दुसरा तिच्या हातात.

२. गुडघ्याला धरून पाय सरळ करा आणि गुडघ्याचा पुढचा भाग छताकडे येईल इतका आत वळवा. याआधी जागा शोधायची नाही.

३. एका हाताचं बोट खुब्याच्या बाहेरच्या हाडावर, म्हणजे ग्रेटर ट्रोकँटरवर ठेवा. दुसऱ्या हाताचं गुडघ्याच्या वरच्या कडेवर.

४. मधल्या अंतराचे मनात तीन भाग करा. वरचा आणि खालचा सोडून द्या.

५. मधल्या भागात मांडीच्या पुढच्या मध्यावरून एक आणि बाहेरच्या बाजूच्या मध्यावरून एक, अशा दोन उभ्या रेषा कल्पा. या दोहोंच्या मधली पट्टी ही आपली जागा.

६. अंगठा आणि तर्जनीनं तिथली त्वचा ताणून धरा. बाळ फार बारीक असेल तर ताणण्याऐवजी स्नायू हलकेच मुठीत घ्या, म्हणजे सुई हाडाला लागणार नाही.

आता सिरिंज भरा. तोपर्यंत आशाताईला किंवा आईला पाय त्याच स्थितीत धरायला सांगा.

सावधान: एकाच मांडीत दोन इंजेक्शनं द्यायची वेळ आली तर दोन्हींत किमान २.५ सेंमी अंतर ठेवा आणि कोणतं वर, कोणतं खाली, ते कार्डावर लिहा.

## ५. मोठ्यांचा दंड

दंडात हवा तो डेल्टॉइड. हा गळपट्टीच्या हाडापासून, खांद्याच्या टोकापासून आणि पाठीच्या फऱ्यापासून सुरू होतो आणि दंडाच्या हाडाच्या बाहेरच्या अंगाला, साधारण मध्यावर, निमुळता होऊन चिकटतो. म्हणजे उलटा त्रिकोण. वापरण्यासारखा भाग आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच लहान असतो, आणि तिन्ही बाजूंना काही ना काही इजा होण्यासारखं आहे.

वर सांध्याची पिशवी, म्हणजे बर्सा. ती खांद्याच्या टोकाखाली असते आणि डेल्टॉइडच्या वरच्या भागाखाली पसरलेली असते. लस तिच्यात गेली तर दोन दिवसांच्या आत खांदा जोरात दुखायला लागतो, हात वर जात नाही, आणि हे दुखणं महिनोनमहिने राहू शकतं. नेहमीच्या दुखण्यापेक्षा हे वेगळं आहे. मागच्या बाजूनं ॲक्सिलरी नस दंडाच्या हाडाला वळसा घालून डेल्टॉइडच्या आतल्या अंगानं पुढे येते. खाली आणि मागे रेडियल नस हाडाला चिकटून जाते. तिला इजा झाली तर मनगट लुळं पडतं.

जागा शोधण्याचा क्रम:

१. घेणाऱ्याला खुर्चीत बसवा आणि त्या बाजूचा हात कमरेवर ठेवायला सांगा, कोपर अंगापासून थोडं बाहेर. या स्थितीत बर्सा बरीचशी खांद्याच्या हाडाखाली सरकते आणि स्नायू सैल पडतो.

२. तुम्हीही बसा. उभ्यानं देणाऱ्याची नजर वरून खाली पडते. त्याला खांद्याचा गोलवा जवळ दिसतो, सुई वर टोचली जाते आणि तिरकी खाली जाते. दुसरी खुर्ची हवी ती यासाठी. सत्रात हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, कारण बसून-उठून वेळ जातो असं वाटतं. तुम्ही बसूनच राहा, रांग पुढे सरकू द्या.

३. मानेकडून खांद्यावर बोट चालवत बाहेर या. जिथे हाड संपून बोट खाली घसरतं, तो अक्रोमियन. तिथे तर्जनी टेकवा आणि उचलू नका.

४. त्याखाली दोन ते तीन बोटं मोजा. बोटं घेणाऱ्याच्या अंगाच्या मापाची धरायची. भरदार हाताच्या सिस्टरनं आपली तीन बोटं पाच वर्षांच्या मुलीच्या दंडावर ठेवली, तर ती डेल्टॉइडच्या शेवटालाच पोचेल.

५. काखेच्या घडीच्या उंचीची आडवी रेषा मनात धरा. जागा या रेषेच्या वरच हवी.

६. पुढच्या आणि मागच्या कडेच्या मधोमध, बाहेरच्या अंगाला राहा. मागे झुकू नका.

तपासा: त्या जागी बोट दाबून घेणाऱ्याला हात थोडा बाहेर उचलायला सांगा. बोटाखाली स्नायू घट्ट झाला तर तुम्ही डेल्टॉइडवर आहात. घट्ट झालाच नाही, तर पुन्हा अक्रोमियनपासून सुरू करा. तपासून झालं की हात परत कमरेवर, सैल.

स्तनाच्या कॅन्सरसाठी काखेतल्या गाठी काढलेल्या असतील, तर त्या बाजूचा दंड सोडून द्या. हे आधी विचारावं लागतं. आपल्याकडे बायका स्वतःहून सांगत नाहीत.

## ६. त्वचेखाली आणि त्वचेत

गोवर-रुबेला उजव्या दंडाच्या मागच्या-बाहेरच्या अंगाला, जिथे त्वचा चिमटीत सहज येते तिथे. अंगठा आणि तर्जनीनं त्वचा आणि चरबी उचला, सुई ४५ अंशांत घाला. चिमटीत स्नायू येता कामा नये. एवढं सांभाळलं की ही लस त्रास देत नाही.

त्वचेतलं इंजेक्शन मात्र हाताला सवय लागेपर्यंत अवघडच जातं. ०.१ मिलीची सिरिंज आणि तिची बारीक, आखूड सुई घ्या. बीसीजीचा डोस बाळ महिन्याच्या आतलं असेल तर ०.०५ मिली, त्यानंतर ०.१ मिली. दंड खालून तळहातात धरून वरची त्वचा ताणा. सुईचं तिरकं तोंड वर, सुई त्वचेला जवळजवळ समांतर, १० ते १५ अंश. तोंड त्वचेत दिसेनासं झालं की थांबा, आणखी आत रेटू नका. दट्ट्या दाबताना अडल्यासारखं वाटलं पाहिजे. फिकट फुगवटा उठतो आणि त्यावर संत्र्याच्या सालीवर असतात तशी बारीक छिद्रं दिसतात. निदान ५ मिमीचा फुगवटा दिसला की लस जागेवर गेली.

सावधान: दट्ट्या सहज सरकला आणि फुगवटा आला नाही, तर सुई खोल गेली आहे. पुढच्या बाळाला कोन कमी करा. बीसीजीचा डोस मात्र आपल्या मनानं पुन्हा देऊ नका.

## ७. टोचताना

त्वचा स्वच्छ पाण्याच्या बोळ्यानं पुसली तरी पुरते. स्पिरिट लावलंच तर पूर्ण वाळू द्या. बीसीजी आणि गोवर-रुबेलासाठी मी ते टेबलावर ठेवूच देत नाही, कारण त्या जिवंत लसी आहेत.

एडी सिरिंजचा दट्ट्या एकदाच मागे येतो. सुई व्हायलमध्ये गेल्याशिवाय तो ओढू नका, आणि जुन्या काचेच्या सिरिंजच्या सवयीनं व्हायलमध्ये हवाही सोडू नका. तसं केलं की ती सिरिंज गेली.

तोंडावाटे द्यायचे थेंब आधी. रडून झाल्यावर पोलिओचे आणि रोटाचे (जुलाबाच्या लसीचे) थेंब अर्धे बाहेर येतात. मग त्वचेतलं, मग स्नायूतली, आणि जी जास्त झोंबते ती सगळ्यात शेवटी. आई अंगावर पाजत असेल तर पाजू द्या, बाळ कमी रडतं.

स्नायूत ९० अंश, एका झटक्यात आत, लस सरळ सोडा, त्याच रेषेत बाहेर. सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का पाहायचं नाही. या दोन्ही जागी मोठी रक्तवाहिनी नाही, आणि सुई आत हलल्यानं दुखणं तेवढं वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१५ मध्ये हेच सांगितलं आहे. ज्यांना जुन्या पुस्तकातून शिकवलं गेलं, त्यांचा हात अजून मागे जातो; एडी सिरिंजमुळे तो आपोआप सुटेल.

नंतर कोरडा बोळा दाबून धरा. चोळायचं नाही, आईलाही चोळू देऊ नका. रक्त न थांबण्याचा आजार असेल तर बारीक सुई वापरा आणि निदान दोन मिनिटं घट्ट दाबून धरा.

सुईला टोपण परत लावू नका. सुई लगेच हब कटरमध्ये, सिरिंजचा प्लॅस्टिकचा भाग लाल पिशवीत.

## ८. कुल्ल्यावर नाही, म्हणजे नाही

"कुल्ल्यावर द्या ना जी सिस्टर, मांडी भल्ली नाजूक असते लेकराची." हे आजीकडून ऐकायला मिळणारच. तिचं चुकत नाही, तिच्या काळात इंजेक्शन म्हणजे कुल्ल्यावरचंच. तिला सांगायचं उत्तर सोपं आहे: "आजी, तिथून पायाची मोठी नस जाते, तिला लागलं तर पाय लुळा पडते."

ही सायटिक नस कुल्ल्याच्या आतल्या-खालच्या अंगानं जाते. बाळ चालायला लागेपर्यंत तिथला स्नायू लहान असतो आणि चरबी जाड, त्यामुळे नस जवळ आणि स्नायू लांब. इजा झाली तर पाऊल वर उचलता येत नाही, पाय घासत चालावं लागतं. शिवाय हेपॅटायटिस बी आणि रेबीजची लस कुल्ल्याच्या चरबीत गेली तर तिचा परिणाम कमी होतो. कुत्रा चावलेल्या माणसाच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते. रेबीजची लस मोठ्यांना दंडावर, लहान मुलांना मांडीत. त्वचेतून द्यायची असेल तर ०.१ मिली, एका वेळी दोन जागी, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं) जखमेत आणि जखमेभोवती जातं. लस आणि ते एका सिरिंजमध्ये किंवा एका जागी कधीही नको.

## ९. दिल्यानंतरचा अर्धा तास

घेणाऱ्याला अर्धा तास बसवून ठेवा. मोठी मुलं आणि तरुण इंजेक्शननंतर घेरी येऊन पडतात, म्हणून बसूनच राहू द्या. श्वास घरघरणं, अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, नाडी जलद पण क्षीण किंवा हरवल्यासारखी लागणं, अशी लक्षणं दिसली तर किटमधल्या तक्त्यानुसार वयाप्रमाणे ॲड्रेनालिन द्या. तेही मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या अंगाला, स्नायूत. लगेच १०८ ला फोन करा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा.

कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढची कधी आणि कार्ड जपून आणायचं, या चार गोष्टी आईला सांगा आणि तिच्याकडून परत म्हणवून घ्या. कार्डावर तारखेबरोबर बाजूही लिहा.

## १०. जागा चुकलीच तर

लपवू नका. नोंद करा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा, कारण डोस धरायचा की नाही हे लसीवर अवलंबून आहे. गोवर-रुबेला त्वचेखालीऐवजी स्नायूत गेली तर तो डोस धरतात, पुन्हा देत नाहीत. हेपॅटायटिस बी किंवा रेबीजची लस कुल्ल्यावर दिली गेली असेल तर तो डोस धरत नाहीत. रेबीजची लस त्वचेत देताना खाली गेली, तर त्याच वेळी जवळच दुसऱ्या जागी नव्यानं द्यावी लागते. निर्णय अधिकाऱ्यांचा, वेळेत कळवण्याचं काम तुमचं.

घरी गेल्यावर दंड दोन-तीन दिवस दुखणं, हलकी सूज, थोडा ताप हे चालतं. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन खपली धरते, त्यावर हळद-चुना काही लावायचं नाही, फोडायचं नाही. खांदा वर जातच नाही आणि आठवडा उलटला तरी दुखणं तसंच आहे, मनगट किंवा पाऊल उचललं जात नाही, मूल एक पाय हलवतच नाही, अशी तक्रार घेऊन कुणी आलं तर "लसीनं होतं असं" म्हणून घरी पाठवू नका. त्याच दिवशी नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात, ग्रामीण भागात जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवा, आणि लसीनंतरच्या त्रासाचा एईएफआय अहवाल भरताना इंजेक्शनची नेमकी जागा खांद्याच्या टोकापासून किंवा गुडघ्यापासून मोजून लिहा.